बिनशेपटीचं चिनी विमान (जे-३६): फोटो बघून स्टेल्थ आणि ताकद कशी जोखायची?

भिरभिरा (धागाकर्ता)

२६ डिसेंबर २०२४ ला चीनमधल्या चेंगदू शहराच्या आकाशात बिनशेपटीचं, तीन इंजिनांचं एक विमान दिसलं. अंगावरच्या ३६०११ या क्रमांकावरून हौशी निरीक्षकांनी त्याचं जे-३६ असं बारसं करून टाकलं. त्याच दिवशी शेन्यांग कंपनीचं दोन इंजिनांचं, आकाराने लहान असं दुसरं बिनशेपटी विमानही दिसलं. तेव्हापासून जे काही वाचतोय त्यात एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एक म्हणतो आरसीएस (रडारला विमान केवढं दिसतं त्याचं माप) ०.०००१ चौ. मी., म्हणजे माशीएवढा. दुसरा म्हणतो चिनी माल आहे, रडारवर दिव्यासारखा चमकेल.

माझे प्रश्न:
१) फोटोंवरून आरसीएसचा आकडा काढता येतो का? नसेल तर फोटोंतून नेमकं काय कळतं?
२) शेपटी काढल्याने एवढं काय साधतं?
३) तीन इंजिनं कशाला?
४) चीनचं आधीचं स्टेल्थ विमान जे-२० आपल्या सुखोईच्या रडारवर दिसतं, असं २०१८ मध्ये तेव्हाचे हवाईदल प्रमुख धनोआ म्हणाले होते. मग या सगळ्या स्टेल्थला (रडारपासून लपण्याला) अर्थ काय उरतो?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. "चीन पुढे गेला" किंवा "सगळा कागदी वाघ" छापाचे प्रतिसाद नकोत.

---

लंबवर्तुळ

आधी आकड्याचं भूत उतरवू. कोणत्याही विमानाला "एक" आरसीएस नसतो. तो दिशेनुसार आणि रडारच्या तरंगलांबीनुसार बदलतो, तोही थोडाथोडका नाही तर हजारो पटींनी. कुणी दिशा आणि बँड (रडारच्या तरंगलांबीचा पट्टा) न सांगता नुसता आकडा दिला, तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरं म्हणजे, आरसीएस आणि पल्ल्याचं नातं सरळ नाही. पल्ला आरसीएसच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, झालं. एखाद्या रडारला १ चौ. मी.चं लक्ष्य १५० किमीवर दिसतं असं धरू. मग ०.१ ला ८४ किमी, ०.०१ ला ४७, ०.००१ ला २७ आणि ०.०००१ ला १५ किमी. म्हणजे आरसीएस दहा हजार पटींनी घटवलात तर पल्ला फक्त दहापट घटतो. "माशीएवढा" आणि "चेंडूएवढा" यांतला फरक ऐकायला प्रचंड वाटतो, प्रत्यक्षात तो काही किलोमीटरचा असतो. हे दोन्ही बाजूंना लागू आहे: आरसीएस दुप्पट निघाला म्हणून विमान उघडं पडत नाही, पल्ला जेमतेम १९ टक्के वाढतो.

आता फोटोंतून आकडा का निघत नाही ते बघा. सपाट पत्र्याचं परावर्तन ४π गुणिले क्षेत्रफळाचा वर्ग, भागिले तरंगलांबीचा वर्ग, एवढं असतं. लढाऊ विमानांची रडारं साधारण ३ सेंमी तरंगलांबीवर चालतात. १० सेंमी × १० सेंमीचा एक तुकडा रडारला बरोबर काटकोनात आला, तर एकट्या त्याचं परावर्तन सुमारे १.४ चौ. मी. भरतं! तळहाताएवढं झाकण नीट बसलेलं नसेल तर अख्ख्या विमानाची मेहनत पाण्यात. आणि ती झाकणं, फटी, सांध्यांतला रडारलहरी शोषणारा लेप, कॉकपिटच्या काचेवरचा धातूचा थर, इनटेकच्या (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडाच्या) आतली वळणं यांपैकी काहीही दुर्बिणीतून काढलेल्या धूसर फोटोत दिसत नाही. शिवाय चाचणीच्या विमानावर नाकापुढे हवेचा वेग मोजणारी दांडी असते, अंगावर अनेकदा नुसता प्रायमर असतो. त्यावरून लेपाबद्दल बोलणं म्हणजे गिलावा न केलेल्या घराचा रंग सांगणं.

जे-२० बाबत २०११ मध्ये कार्लो कॉप आणि मायकेल पेलोसी या अभ्यासकांनी फोटोंवरून त्रिमितीय आराखडा करून संगणकावर परावर्तन काढलं होतं. कुठल्या दिशेने विमान चकाकतं आणि कुठल्या दिशेने नाही, हा नकाशा अशा कामातून चांगला मिळतो. पण त्या पद्धतीत पृष्ठभागावरून आरशासारखं होणारं परावर्तनच धरलेलं असतं. कडांवरून होणारं विवर्तन (लहरीचं वळून पसरणं) आणि पृष्ठभागावरून सरपटत जाणाऱ्या लहरी त्यात येत नाहीत. चांगल्या स्टेल्थ विमानात नेमका तोच उरलेला हिस्सा असतो. म्हणून निष्कर्ष "आकार योग्य दिशेने जातोय" इथपर्यंतच न्यावा.

मग बघायचं काय? पहिली गोष्ट, कडांची समांतरता. बरोबर खालून काढलेला फोटो घ्या. पंखाची पुढची कड, मागची कड, शस्त्रकप्प्याच्या दारांचे करवती दाते, चाकांच्या दारांच्या कडा, इनटेकचे ओठ, या सगळ्यांवर रेषा ओढा. रेषा जितक्या मोजक्या दिशांमध्ये बसतील तितकं परावर्तन मोजक्या, अरुंद झोतांत जातं आणि समोरच्या रडारला क्षणभर लुकलुकून निघून जातं. जे-३६ मध्ये पुढची कड दुहेरी कोनाची आहे, म्हणजे दोनऐवजी चार मुख्य झोत. जराशी तडजोड आहे, पण वाईट नाही.

दुसरी गोष्ट, काटकोन. दोन पृष्ठभाग ९० अंशांत भेटले की त्या कोपऱ्यातून लहर आली तशी परत जाते. उभी शेपटी आणि आडवा पंख हा असा ठरलेला कोपरा, म्हणून स्टेल्थ विमानांच्या शेपट्या तिरक्या असतात. शेपटीच नसेल तर प्रश्नच मिटला.

---

खवचट

आणि तरीही चार नंबरचा प्रश्न राहिलाच. उत्तर सोपं आहे: जे-२० च्या पोटाखाली ल्युनबर्ग लेन्स लावलेल्या अवस्थेतले फोटो ढिगाने आहेत. ही लेन्स म्हणजे मुद्दाम दिसण्यासाठी लावलेला लहानसा गोळा. २० सेंमी व्यासाच्या आदर्श लेन्सचं परावर्तन ३ सेंमी तरंगलांबीला साधारण १४ चौ. मी. भरतं. आख्खं जुनं लढाऊ विमान त्यापेक्षा फार मोठं नसतं. शांततेच्या काळात नागरी हवाई वाहतुकीला दिसावं आणि शेजाऱ्याला आपला खरा आकडा कळू नये, अशी दुहेरी सोय. अमेरिकेची एफ-२२ आणि एफ-३५ सुद्धा हेच करतात.

तेव्हा "दिसलं" या शब्दाला लेन्स होती की नव्हती, कुठल्या बाजूने पाहिलं, किती अंतरावरून पाहिलं, या तीन गोष्टी जोडल्याशिवाय काही किंमत नाही. "सुखोईच्या रडारला दिसलं म्हणजे स्टेल्थ खोटी" आणि "लेन्स होती म्हणजे स्टेल्थ सिद्ध" ही दोन्ही अनुमानं सारखीच लंगडी.

जाता जाता: जे-२० च्या कॅनार्डवर (पंखांपुढच्या छोट्या पंखांवर) जो ओरडा होतो तो बराचसा फुकटचा. कॅनार्ड पंखाच्या जवळपास त्याच पातळीत आणि समांतर कडांचे असतील, तर सरळ उड्डाणात त्रास थोडा. ते जोरात फिरतात तेव्हा आरसीएस वाढतो, पण ते तेवढे फिरवावे लागतात अशा प्रसंगी तुम्ही आधीच दिसलेले असता. जे-२० चं खरं दुखणं मागे आहे: गोल नोझलं (इंजिनांची मागची तोंडं). डब्ल्यूएस-१० इंजिनाच्या नोझलांच्या कडा करवती केल्या म्हणून ती सपाट होत नाहीत.

---

मोजपट्टी

तिसऱ्या प्रश्नाआधी आकार आणि वजन. बहुतेक "अंदाज" इथेच घसरतात.

पहिल्या दिवशीच्या फोटोंत सोबत दोन आसनी जे-२०एस होतं. जे-२० सुमारे २१ मीटर लांब. सगळ्यांनी पट्टी लावली आणि जे-३६ ची लांबी काढली. चूक कुठे होते? कॅमेरा १ किमीवर आहे आणि जे-२०एस कॅमेऱ्यापासून जे-३६ पेक्षा १०० मीटर लांब उडतंय असं धरा. मग जे-२०एस जितकं दिसायला हवं त्याहून साधारण ९ टक्के लहान दिसतं आणि तुमचं जे-३६ आपोआप दहा टक्क्यांनी, म्हणजे दोन मीटरने फुगतं. विमान कॅमेऱ्याच्या रोखाने २० अंश वळलेलं असेल तर उलट ६ टक्के आखडतं. या दोन चुका कधी एकमेकींना खातात, कधी जोडल्या जातात. म्हणून एका फोटोवर विसंबू नका. वेगवेगळ्या दिशांनी काढलेले चारपाच फोटो घ्या, प्रत्येकातून लांबी आणि पंखविस्ताराचं गुणोत्तर काढा. ज्या फोटोंत गुणोत्तर जुळतं तेच ठेवा, बाकीचे टाकून द्या.

उपग्रहाचं चित्र त्याहून भरवशाचं, कारण विमान जमिनीवर उभं असतं आणि शेजारच्या ओळखीच्या विमानाचं अंतर तेच असतं. पण अर्ध्या मीटरच्या पिक्सेलमध्ये दोन्ही टोकांना एकेक पिक्सेल चुकला की मीटरभर गेला. सावली विमानात धरली तर आणखी. पंखाच्या टोकाचा धारदार भाग पिक्सेलमध्ये विरघळतो, त्यामुळे विस्तार हमखास कमी भरतो.

वजन मात्र चाकं सांगतात. पहिल्या जे-३६ च्या प्रत्येक मुख्य पायाला एकामागे एक अशी दोन चाकं होती. एफ-२२ चं कमाल उड्डाणवजन सुमारे ३८ टन, आणि ते पायाला एकेका चाकावर भागवतं. दोन चाकं कुणाला? मिग-३१ ला, कमाल सुमारे ४६ टन. सुखोई-३४ ला, सुमारे ४५ टन. सुखोई-३४ च्या बाबतीत खडबडीत धावपट्टीचंही कारण होतं, तेव्हा चाकांच्या संख्येवरून थेट आकडा नको. पण "एफ-२२ पेक्षा बऱ्यापैकी जड, ४५ टनांच्या पंगतीतलं किंवा त्याच्याही पुढचं" एवढं म्हणायला हरकत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस जे दुसरं विमान दिसलं त्यात पायांची रचना बदललेली होती आणि मागची नोझलंही पहिल्यापेक्षा वेगळी, एफ-२२ सारखी कोनीय. म्हणजे आराखडा अजून गोठलेला नाही. पहिल्या विमानाच्या मोजमापावर फार इमले बांधू नका.

आता इंजिनं. समजा वजन ५० टन आणि प्रत्येक इंजिन आफ्टरबर्नरसह (मागे जादा इंधन जाळून) १४ टन जोर देणारं. दोन इंजिनांचे २८ टन, गुणोत्तर ०.५६; एवढ्यावर लढाऊ विमान नाही होत, बॉम्बफेकी होतं. तीन घेतलीत तर ४२ टन, ०.८४. हव्या त्या जोराची दोन इंजिनं हाताशी नसतील तर तिसरं बसवायचं, हा सरळ हिशेब आहे. किंमतही सरळ मोजावी लागते: देखभाल दीडपट, इंधनाच्या जागेत इंजिन, मागच्या बाजूला आणखी एक तप्त भोक.

दुसरं कारण मला तितकंच खरं वाटतं: वीज. मोठं रडार, जॅमर (शत्रूच्या रडारला गोंधळवणारं यंत्र), नाकाच्या बाजूंना दिसणाऱ्या खिडक्यांमागचे कॅमेरे, हे सगळं वीज खातं आणि उष्णता ओकतं. तीन इंजिनं म्हणजे तीन जनरेटर. पण ती उष्णता शेवटी इंधनातच सोडावी लागते, त्यामुळे टाकी रिकामी होत जाते तशी थंडावाही संपत जातो. परतीच्या वाटेवर सगळं रडार पूर्ण ताकदीने चालवता येईलच असं नाही.

शस्त्रकप्पा मोजायचा तर दारांची रेघ बघा. पीएल-१५ हे चिनी हवाई क्षेपणास्त्र सुमारे ४ मीटर लांब. जे-२० ने २०१८ च्या चुहायच्या हवाई प्रदर्शनात कप्पे उघडून दाखवले तेव्हा मधल्या कप्प्यात अशी चार आणि बाजूंना दोन छोटी पीएल-१० होती. पीएल-१७ मात्र साधारण ६ मीटरचं. ते जे-१६ हे चिनी लढाऊ विमान पंखाखाली टांगून नेतं. जे-३६ च्या मधल्या दारांची रेघ सहा-साडेसहा मीटरच्या पुढे जात असेल, तर हे विमान टँकर (हवेत इंधन भरणारी विमानं) आणि हवाई रडारवाहू विमानं लांबून टिपण्यासाठी आहे, असं मानायला जागा आहे. चारच्या आसपास थांबत असेल तर नाही. एवढी एक रेघ बाकी सगळ्या चर्चेपेक्षा जास्त सांगून जाते.

---

नभांगण

मोजपट्टींशी सहमत. पाठीवरच्या इनटेकबद्दल थोडं.

दोन इनटेक पंखाखाली बाजूंना आणि तिसरा पाठीवर, ही मांडणी जमिनीवरच्या रडारला चकवायला उत्तम; त्याला तिसरा दिसतच नाही. पण नाक वर उचललं की नाकावरून सुटलेली विस्कटलेली हवा थेट पाठीवरच्या तोंडात शिरते. दाब घटतो, इंजिन धापा टाकतं, वाईट वेळी कॉम्प्रेसर अडखळतो. अमेरिकेच्या बी-२ बॉम्बफेकीचे इनटेकही पाठीवर आहेत, पण ते ध्वनीपेक्षा कमी वेगाचं आणि कोलांट्या न मारणारं विमान. तेव्हा जे-३६ कडून जवळच्या झटापटीत तीव्र कोनातल्या वळणांची अपेक्षा ठेवू नये. बिनशेपटी विमानाला डावी-उजवीकडे वळण्याची ताकदही कमी पडते. ती पंखटोकांजवळच्या चिरून उघडणाऱ्या झडपांनी भरून काढतात. झडप एका बाजूला उघडली की तिकडचा अडथळा वाढतो आणि नाक तिकडे वळतं. झडप उघडली की आरसीएसही उघडला. पहिल्या उड्डाणांच्या फोटोंत त्या जवळजवळ कायम उघड्या आहेत, पण चाकं खाली ठेवून हळू उडताना तसंच असणार. त्यावरून स्टेल्थची टिंगल करणं चुकीचं.

उष्णतेचा मुद्दा राहून जातोय. ११ किमी उंचीवर बाहेर उणे ५६ सेल्सिअस. ०.९ मॅकने (ध्वनीच्या ०.९ पट वेगाने) उडणाऱ्या विमानाची कातडी साधारण उणे २५ पर्यंत तापते. १.८ मॅकला तीच अधिक ७० च्या आसपास जाते. थंड आकाशापुढे ७० अंशांचा एवढा मोठा पत्रा, ८ ते १२ मायक्रॉनच्या सेन्सरला सुरेख दिसतो, नोझल कितीही झाकलंत तरी. आफ्टरबर्नरशिवाय ध्वनीपलीकडे उडता येतं हे कौतुकाचं खरं, पण तेव्हा रडारची स्टेल्थ शाबूत राहून अवरक्त स्टेल्थ जाते. अर्थात ढग मध्ये आले की हाच सेन्सर आंधळा, आणि अंतर तर तो तसाही नीट सांगत नाही.

---

भिरभिरा

फार छान. एक उपप्रश्न: मीटरच्या तरंगलांबीची जुनी रडारं स्टेल्थ विमानं पकडतात म्हणतात. मग शेपटी नसल्याने तिथे काय फरक पडतो? आणि तिबेटच्या तळांवरून अशी विमानं उडाली तर?

---

लंबवर्तुळ

दोन्हीचं उत्तर देतो.

विमानाचा एखादा भाग तरंगलांबीच्या अर्ध्याएवढा ते एकपट असला की तो त्या लहरीला दाद देतो, अँटेनासारखा घुमतो. १५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २ मीटर. लढाऊ विमानाची शेपटी, कॅनार्ड, पंखाची टोकं नेमकी त्याच मापाची. तिथे कडांचे कोन कितीही जुळवा, उपयोग थोडा. लेपही चालत नाही: साध्या शोषक थराला तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी जाडी लागते. ३ सेंमीला ती साडेसात मिमी, चुंबकीय लेपात आणखी पातळ. २ मीटरला अर्धा मीटर. अर्ध्या मीटरचा लेप कोण लावणार!

म्हणून इथे एकच उपाय: तसे भागच ठेवायचे नाहीत. शेपटी नाही, कॅनार्ड नाही, एकसंध मोठा पंख. जे-३६ ची ही खरी कमाई आहे. समोरून येणाऱ्या लढाऊ विमानाच्या रडारपुढे ते जे-२० पेक्षा फार सरस असेल असं मला वाटत नाही. बाजूने, मागून आणि मीटरच्या बँडमध्ये मात्र सरस असायला हवं.

आणि जुन्या रडारला दिसलं तरी पुढे? झोताची रुंदी म्हणजे तरंगलांबी भागिले अँटेनाची रुंदी. २ मीटरला २० मीटर रुंद अँटेना घेतलात तर सुमारे ६ अंश. २०० किमीवर तो झोत २० किमी रुंद होतो. प्रक्रियेने ते आणखी बारीक करता येतं, तरी क्षेपणास्त्र सोडण्याइतकं नाही. "त्या डोंगरापलीकडे काहीतरी आहे" एवढंच ते सांगतं, आणि मग तिकडे दुसरी रडारं, अवरक्त सेन्सर रोखावे लागतात. नकार देण्यासारखी मदत नाही ती, पण स्टेल्थचा अंतही नाही.

तिबेटचं गणित हवेचं आहे. मे २०२४ च्या उपग्रह चित्रात तिबेटमधल्या शिगात्से तळावर सहा जे-२० दिसली होती. तळाची उंची सुमारे ३,८०० मीटर, आपला बंगालमधला हाशिमारा हवाई तळ तिथून ३०० किमीच्या आत. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६८ टक्के. तेवढंच वजन उचलायला २१ टक्के जास्त वेग लागतो, म्हणजे गतिज ऊर्जा जवळपास दीडपट. इंजिनाचा जोर मात्र साधारण तीस टक्क्यांनी घटलेला. धाव दुपटीच्या वर जाते. उन्हाळ्याच्या दुपारी आणखी. उपाय दोनच: इंधन कमी भरून उडायचं आणि वर गेल्यावर वायवाय-२० टँकरकडून घ्यायचं, किंवा मैदानी तळावरून उडायचं. जे-३६ सारख्या जड विमानाला, तीन इंजिनं असली तरी, हा नियम सुटत नाही. मोठ्या पंखाचा थोडा फायदा मिळेल, तोही टायरच्या वेगमर्यादेत राहून.

---

खवचट

म्हणजे टँकर दिसला की पाहुणे आसपास आहेत असं समजायचं. टँकरला स्टेल्थ नसते.

---

मोजपट्टी

@खवचट, अगदी. आणि ज्यांना पुढचे फोटो तपासायचेत त्यांच्यासाठी क्रम सांगून ठेवतो. आधी चाकं वर घेतलेल्या अवस्थेतला बरोबर खालचा फोटो शोधा. त्यात पंखटोकाच्या झडपा मिटलेल्या आहेत का बघा. उच्च वेगात त्या मिटलेल्या दिसल्या तर नियंत्रणप्रणाली इंजिनांचा जोर कमी-जास्त करून विमान सांभाळतेय असा अर्थ निघतो. मग नाकापुढची दांडी गेली का. मग मधल्या कप्प्याची रेघ. आणि एकाच क्रमांकाच्या विमानाचे दोन महिन्यांच्या अंतराचे फोटो शेजारी ठेवून झाकणांभोवतीच्या पट्ट्यांचा रंग बघा: तो वारंवार बदलत असेल तर लेप सतत उखडून पुन्हा बसवावा लागतोय.